पावतीवर नुसते ‘एक नग’ नको

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी जगदलपूरला २१० माओवाद्यांनी आत्मसमर्पण केले आणि १५३ शस्त्रे पोलिसांच्या स्वाधीन केली. दोनच दिवस आधी गडचिरोलीत ६१ जणांनी ५४ शस्त्रे खाली ठेवली होती. जगदलपूरच्या शस्त्रांची यादी वर्तमानपत्रांत आली: १९ एके-४७, २३ इन्सास, १७ एसएलआर, ३६ थ्री-नॉट-थ्री, ४१ बारा बोअर व एकबारी बंदुका आणि इतर. छत्तीसगड सरकारच्या २०२५ च्या पुनर्वसन धोरणात शस्त्राची रक्कमही ठरलेली आहे. एलएमजीला पाच लाख, एके-४७ ला चार लाख, इन्सास किंवा एसएलआरला दोन लाख. हे धोरण मला पटते. एवढ्या पैशात एक रायफल जंगलातून बाहेर येत असेल तर ती स्वस्तच पडली, असे माझ्यासारखा कोणीही निवृत्त सैनिक म्हणेल.

माझे म्हणणे त्यापुढचे आहे. रायफल जमा झाली, रक्कम दिली गेली, नोंदवहीत ‘एक नग’ चढला. खटल्याचे काम संपले की बहुतेक शस्त्रे पुढे नष्टच होतात. माझे मत असे, की जमा झालेले कोणतेही लष्करी शस्त्र जाणकाराने पाहून त्याची ओळख लिहून ठेवल्याशिवाय मोडीत जाऊ नये.

कॅडेट मित्रांनो, त्या ३६ थ्री-नॉट-थ्री रायफलींचेच घ्या. ली-एनफिल्ड घराण्यातली ही रायफल दोन्ही महायुद्धांत भारतीय जवानांच्या खांद्यावर होती. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती अनेक दशके बनली. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या बहुतेक पलटणी हीच घेऊन लढल्या. पुढे ती सैन्यातून गेली, पण पोलीस दलात राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. या रायफलीची जन्मपत्रिका तिच्या अंगावरच असते. बोल्टच्या दांडीखाली, लाकडी बट जिथे लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या बाजूला छाप पाहा. मुकुट आणि राजाची अक्षरे असतील तर ती इंग्रजी अमलातली. त्याखाली कारखाना, वर्ष आणि नमुना. शिवाय क्रमांक असतोच. दोन मिनिटांत वाचून होते.

त्या क्रमांकावरून शस्त्रागाराच्या जुन्या नोंदी धुंडाळता येतात. ही रायफल कोणत्या ठाण्याला दिली होती, कोणत्या हल्ल्यात गेली, त्या दिवशी ती कोणाच्या हाती होती? ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे ७६ जवान हुतात्मा झाले आणि त्यांची शस्त्रे हल्लेखोरांनी नेली. अशा हल्ल्यांतले एखादे शस्त्र आज परत आले असेल, तर त्या जवानाच्या आईवडिलांना ते कळण्याचा हक्क आहे. त्यांच्या दृष्टीने ते दोन लाखांचे किंवा चार लाखांचे शस्त्र नाही.

हा प्रश्न बस्तरपुरता नाही, आपल्या घरांचाही आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून शस्त्र कायद्यात बदल झाला आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. जास्तीची बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. सेनादलात असलेल्यांना युनिटच्या शस्त्रागारात. आमच्या समता कॉलोनीतील एका कुटुंबाने आजोबांची बारा बोअर तेव्हा जमा केली. आजोबांना ती फौजेतील नोकरीबद्दल मिळाली होती आणि बटावरच्या पितळी पट्टीवर त्यांच्या पलटणीचे नाव होते. पावतीवर लिहून आले, ‘बंदूक, जुनी, एक नग’. कायदा पाळला गेला आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्या पट्टीवरची ओळ पावतीत उतरवायला कोणता कायदा आड येत होता?

इतर देशांत हे कसे होते? डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात पोलिसांनी लोकांकडून बंदुका विकत घेण्याचा कार्यक्रम ठेवला होता. एका बाईंनी वडिलांनी दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आणलेली रायफल तिथे आणली. ड्यूटीवरच्या पोलिसांनी ती ओळखली. ती जर्मन ‘स्टुर्मगेव्हेर ४४’ होती, आजच्या सगळ्या असॉल्ट रायफलींची पूर्वज. तिची किंमत हजारो डॉलर आहे, असे त्यांनी बाईंना सांगितले आणि ती वितळू दिली नाही. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत १६ मुले आणि एक शिक्षिका मारली गेली. त्यानंतर कायदा कडक झाला आणि दीड लाखाहून अधिक पिस्तुले भरपाई देऊन जमा झाली. तरीही त्याच कायद्यात ऐतिहासिक पिस्तुलांसाठी कडक अटींचे एक वेगळे कलम ठेवले गेले.

आपल्याकडेही वाट आहे. जे शस्त्र जुन्या घाटाचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके आहे आणि दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटू शकत नाही, त्याला शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमाने सूट दिली आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. मात्र घरातले शस्त्र यात बसते की नाही, हे आपण परस्पर ठरवायचे नसते.

काही जण म्हणतील, पोलिसांना आधीच कामे थोडी आहेत का? बरोबर आहे. म्हणूनच मी प्रत्येक बंदूक जपा असे म्हणत नाही. शंभरातली नव्वद खुशाल कापा. फक्त आधी फोटो, क्रमांक, छाप आणि आणणाऱ्याने सांगितलेली हकीकत एका कागदावर यावी. ज्या पाच-दहा शस्त्रांना खरेच काही सांगायचे आहे, त्यांची नळी बुजवून, फायरिंग पिन काढून, ती पोलीस दलाच्या किंवा सरकारी संग्रहालयात द्यावीत. रायपूरमध्ये १८७५ पासून महंत घासीदास संग्रहालय आहे. जागा नाही असे म्हणता येणार नाही. आणि ही माओवाद्यांची स्मारके होतील अशी भीती असेल, तर पाटीवर ज्या जवानाकडून ते शस्त्र गेले त्याचे नाव लिहा.

नाव लिहिलेले असले की काय होते, हे गेल्याच वर्षी दिसले. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईला आणली. हे तेच भोसले, ज्यांच्या घराण्याचा अंमल १८५४ पर्यंत आपल्या रायपुरावर होता. पाते युरोपीय बनावटीचे. तशी पाती त्या काळी पुष्कळ येत. पण तिच्यावर देवनागरीत रघुजींचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब कोरलेला आहे. ती अक्षरे नसती तर ती लिलावातली आणखी एक फिरंग ठरली असती आणि आपल्यापैकी कोणी तिच्याकडे वळून पाहिले नसते.

पालकांना माझी विनंती आहे. घरात आजोबा-पणजोबांचे शस्त्र असेल तर मुलांना हात लावू देऊ नका, परवान्याचे कागद तपासा आणि जमा करायचे असेल तर वेळेत करा. त्याआधी त्याची हकीकत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या आणि तिची प्रत अर्जासोबत जोडा. प्रशिक्षकांनी शस्त्रांच्या तासाला एकदा तरी छाप आणि क्रमांक वाचायला शिकवावे. आणि शाळेने पोलीस विभागाकडे निकामी केलेली एक थ्री-नॉट-थ्री रीतसर मागावी. ती आली तर तिचा क्रमांक कोणत्या ठाण्याचा, हे शोधण्याचे काम कॅडेटांनी करावे. मी मदतीला येईन.