दगडावर कोरलेली शिवी

मागच्या आठवड्यात वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवर लिहिलं, तेव्हा त्यांच्या शेजारी कधीकधी सापडणाऱ्या एका दगडाचा विषय मुद्दाम राखून ठेवला होता. तो दगड म्हणजे गधेगाळ. ‘शिवीगाळ’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. त्यातल्या ‘गाळ’चा अर्थही शिवीच. गधेगाळ म्हणजे गाढवाची शिवी.

शिलाहारांच्या राज्यात, कोकणात, असे दगड बरेच उभे राहिले. राजाने जमीन किंवा तिचं उत्पन्न दान दिलं की दानाचा मजकूर दगडावर कोरायचा. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर दान अबाधित. खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढव चढेल, असा त्या चित्राचा सरळ अर्थ. ज्याला अक्षरं वाचता येत नव्हती त्यालाही तो कळायचा. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा 1187 सालचा लेख आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातलं दानपत्र संस्कृतात आहे, शिवी तेवढी मराठीत. ज्याला धाक घालायचा त्याच्या भाषेत!

मला हा दगड अस्वस्थ करतो. दानपत्रांतला संस्कृत शाप ठरलेला असे: दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. तिथे निदान शिक्षा अपराध्यालाच आहे. गधेगाळीत जमीन बळकावणार मुलगा आणि विटंबना त्याच्या आईची. तिने काय केलं होतं? आजही रस्त्यावरच्या भांडणात पहिली शिवी आईवरूनच निघते, आणि ती इतकी जुनी आहे की तिला कधीकाळी राजाज्ञेचं बळ होतं.

म्हणून हे शिल्प झाकू नये, असं माझं ठाम मत आहे. अश्लील म्हणून ते उलथं टाकणं किंवा मुलांना घेऊन घाईने पुढे सरकणं, दोन्ही चूक. शेजारी साध्या मराठीत फलक लावावा आणि दान कोणतं, शिवी कोणाला, हे स्पष्ट लिहावं. काही गावांत हा दगड देव म्हणून पुजला जातो. त्या श्रद्धेला माझा विरोध नाही. विनंती एकच: त्यावर तैलरंग फासू नका. रंगाखाली अक्षरं बुजतात, आणि रंग खरवडायला गेलं की दगडाचा पापुद्राही सुटतो.