कागदावर मारलेली आई

मैत्रिणींनो, आधी घडलं ते सांगते, मग भांडते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आसपास आमच्या एका मैत्रिणीची मुलगी कार्यालयात आली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ मार्चच्या मोर्च्यात आईच्या कडेवर बसून यायची, पुढे स्वतः घोषणा द्यायला लागली. तिला माझ्याकडून शिफारसपत्र हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस काठमांडूच्या एका अनाथाश्रमात 'व्हॉलंटिअर' म्हणून जायचं होतं. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, शेवटचे दोन दिवस पोखरा आणि निघताना सर्टिफिकेट, असं सगळं एक कंपनी बघणार होती. त्यासाठी कंपनी जी रक्कम घेणार होती, तेवढी आमच्या पूर्णवेळ कार्यकर्तीला चार महिन्यांत मिळते.

मी पत्र दिलं नाही. "मावशी, पण हेतू तर चांगलाच आहे ना?" असं म्हणून ती गप्प बसली. तिची आई मात्र गप्प बसली नाही. "पोरगी पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडतेय. बायकांनी उंबरठा ओलांडावा म्हणून तू तीस वर्षं भाषणं दिलीस आणि आता तूच आडवी येतेस?" हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच उत्तर लिहून द्यावं असं आमच्या मंगळवारच्या बैठकीत ठरलं.

नेपाळातल्या बालगृहांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी चार मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण, हयात आहे असं युनिसेफ २०१० नंतरच्या दशकात वारंवार सांगत आलं. मग ही मुलं 'अनाथ' झाली कशी? बहुसंख्य बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की जिल्हा आणि चितवन अशा मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेली. म्हणजे जिथे गोरा पाहुणा उतरतो, फिरतो, हत्ती बघतो, तिथे. गरिबी कर्णालीच्या डोंगरात आणि अनाथ मात्र विमानतळाजवळ! ज्या देशात अनाथांचा नकाशा आणि पर्यटनाचा नकाशा एकावर एक बसतो, तिथे मूल कुणाच्या गरजेसाठी ठेवलेलं आहे, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

याचं मूळ युद्धात आहे. १९९६ ते २००६ ही दहा वर्षं नेपाळात माओवादी आणि सरकार यांच्यात यादवी चालली. हुमलासारख्या जिल्ह्यात तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. सिमिकोटला विमान, नाहीतर पायपीट. घरटी एक माणूस, मग ते पोर का असेना, पलटणीत ओढलं जाण्याची भीती. अशा वेळी गावात दलाल यायचे. काठमांडूत चांगली शाळा आहे, बोर्डिंग आहे, मूल शिकेल, वाचेल, असं सांगायचे. आयांनी, बापांनी जमीन गहाण टाकून, जनावर विकून त्यांना पैसे दिले. हे नीट लक्षात घ्या. मूल टाकलं नाही, मूल वाचवण्यासाठी पैसे मोजले. आणि काठमांडूला पोचल्यावर त्याच मुलाच्या नावे कागद तयार झाले: आईवडील मृत.

मूल अनाथ दाखवायचं तर आधी आईला मारावं लागतं. प्रत्यक्ष मारायची गरज नाही, एक शिक्का पुरतो. ती तिकडे डोंगरात कोदो पेरत असते, गवताचा भारा पाठीवर घेऊन चढत असते, आणि इकडे तिच्या मरणावर देणग्या गोळा होत असतात. बाईचं अस्तित्व पुसून टाकण्याच्या अनेक तऱ्हा आपण या पानांवर नोंदवल्या आहेत. सातबाऱ्यावरून नाव गाळणं, रेशनकार्डावर नवऱ्याच्या खाली लिहिणं, परित्यक्तेला 'कुठेतरी गेली' म्हणणं. ही त्यातली फारच निर्दय तऱ्हा आहे आणि ती चालते ती कुणा खलनायकाच्या नव्हे, चांगल्या हेतूच्या पैशावर.

हिशेब सोपा आहे. मुलांचे फोटो असले की पाहुणे येतात, पाहुण्यांची फी येते, घरी परतल्यावर ते आणखी देणग्या पाठवतात. जास्त पाहुण्यांना जास्त मुलं लागतात. मुलं घरी गेली तर धंदा बसला. मुलं फार गुबगुबीत दिसली तरी धंदा बसला, म्हणून काही ठिकाणी ती मुद्दाम हलाखीत ठेवली गेली, हेही उघड झालेलं आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात ९,००० च्या आसपास माणसं मेली, तेव्हा नेपाळ सरकारला हुकूम काढावा लागला की आईबापांशिवाय आणि परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेऊ नये, आणि नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवावी लागली. ढिगारे उपसले जात असताना पोरं गोळा करणारे वाटेला लागले होते, म्हणून. २०१८ साली ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळी अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचीही दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं आपल्या ठरावात पर्यटनाच्या निमित्तानं अनाथाश्रमांत होणाऱ्या या 'सेवे'च्या दुष्परिणामांचा उल्लेख केला. म्हणजे मी काही एकटी कुरकुरणारी म्हातारी नव्हे.

नेपाळात पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, असा तिथला नियम आहे. तो किती पाळला जातो ते सोडा. पण आपण भारतीय आहोत, आपल्याला व्हिसाच लागत नाही. १९५० च्या करारानं सीमा आपल्याला उघडी आहे. म्हणून आपल्या मुली जाताना निदान कायद्याच्या दारात तरी एकदा थांबतील, ही आशा नाही. थांबायचं तर आपलं आपणच थांबायला हवं.

आता 'काम' काय असतं ते बघू. मुलांना इंग्रजी गाणी शिकवणं, चित्रं काढून घेणं, कडेवर घेणं, भिंत रंगवणं. आमच्या या मुलीला नेपाळी येत नाही. देवनागरी वाचता येते एवढंच. पाव्हणी म्हणून ठीक आहे. पण तिला पंधरा दिवस आघात झालेल्या मुलांमध्ये सोडायचं कुठल्या पात्रतेवर? तिला कुणी हे विचारलंच नाही. कारण ती मुलगी आहे. बाई म्हटली की मूल सांभाळता येणारच, त्यात शिकायचं काय! ज्या गृहीतकाविरुद्ध आपण अंगणवाडी सेविकांच्या सभेत ओरडतो, तेच गृहीतक इथे 'संवेदनशीलता' या नावानं विकलं जातं. पूल बांधायला कुणी दुसऱ्या वर्षाची बी.ए.ची विद्यार्थिनी पाठवत नाही. मूल मात्र कुणीही हाताळावं. आणि दर पंधरा दिवसांनी नवी 'दिदी' येऊन गळ्यात पडते आणि निघून जाते, याचं त्या मुलाच्या मनात काय होतं? या उघड्या दारांतून कुणीही आत येतं, हेही विसरू नका. मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल नेपाळात परदेशी पुरुषांना शिक्षा झालेल्या आहेत, आणि त्यातले काही जण 'समाजसेवक' म्हणूनच वावरत होते.

(आपल्याकडे वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जाण्याची टूम आहे. त्या मुलांना महिन्यातून किती परक्यांसाठी टाळ्या वाजवाव्या लागतात हे एकदा मोजून बघा. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

'स्वयंसेविका' हा शब्द नेपाळीतही आहे, आणि तिथे त्याचा अर्थ फार वेगळा आहे. १९८८ पासून नेपाळच्या गावोगाव महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका काम करतात. त्यांची संख्या ५०,००० च्या आसपास. वर्षातून दोनदा पाच वर्षांखालच्या मुलांना अ जीवनसत्त्वाची मात्रा देणं, जुलाबात जीवनजल पाजायला शिकवणं, गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत नेणं, सगळं त्यांच्या डोक्यावर. १९९६ च्या पाहणीत नेपाळात दर एक लाख जन्मांमागे ५३९ आया मरत होत्या. २०२१ च्या जनगणनेत हा आकडा १५१ वर आलेला दिसतो. रस्ते आले, दवाखाने आले, गर्भपात २००२ साली कायदेशीर झाला, ही कारणं आहेतच. पण चढउतार तुडवत दारोदार गेलेल्या या बायका नसत्या तर? त्यांना पगार नाही. गणवेश भत्ता, प्रशिक्षणाचा भत्ता, असलं काहीबाही. वर्षानुवर्षं त्या सांगत आल्या आहेत की आम्हाला कामगार म्हणा.

ओळखीचं वाटतं ना? आपली 'आशा' २००५ पासून हेच ऐकते आहे. कामागणिक मोबदला, वर 'तुम्ही स्वयंसेविका आहात' हे ठेवणीतलं उत्तर. करोनात घरोघर फिरून ताप मोजला आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. गौरवाला पैसे पडत नाहीत.

तर दोन स्वयंसेविका आहेत. एक पंधरा दिवसांसाठी येते, पैसे भरते, कौतुक आणि सर्टिफिकेट घेऊन जाते. दुसरी तीस तीस वर्षं त्याच गावात राबते आणि तिचं राबणं 'सेवा' म्हणून फुकटात जमा होतं. दोघींना एकच शब्द लावणं हाच मुळात या व्यवहाराचा डाव आहे. आमच्या मुलीच्या एका फेरीच्या पैशात अशा एखादीला किती महिन्यांचा मोबदला मिळाला असता, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. मुलीनं उंबरठा ओलांडावा की नाही? ओलांडावा, शंभरदा ओलांडावा. नेपाळलाही जावं. डोंगर चढावा, हिंडावं, हॉटेलात पैसे देऊन राहावं. तिथे घर चालवणाऱ्या बाईला त्याचा सरळ उपयोग आहे. पण आपल्या मुलीच्या पायातली बेडी काढायला दुसऱ्या बाईचं मूल वापरायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि उंबरठ्याचीच गोष्ट काढलीस म्हणून सांगते. २०१२ साली नेपाळ सरकारनं तीस वर्षांखालच्या बायकांना घरकामासाठी आखातात जायला बंदी घातली. बायकांच्या रक्षणासाठी, अर्थातच! बंदीनं जाणं थांबलं नाही, चोरवाटा वाढल्या, आणि त्यातली एक आपल्या देशातून जाते. म्हणजे वीस वर्षांची आपली मुलगी विमानातून काठमांडूला उतरणार 'सक्षमीकरण' करायला, आणि तिथल्या वीस वर्षांच्या मुलीला पोट भरायला विमानात चढायची बंदी. नेपाळी बायका या नियमांविरुद्ध बोलल्या. मायदेशात त्यांची संघटना आहे, भाषा आहे, मोर्चे आहेत. त्यांना आपली मदत हवी असेल तर ती कशासाठी, हे त्या सांगतील.

मुंबईनं तर हे विसरूच नये. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीवर धाडी पडल्या, शेकडो मुलींना बाहेर काढलं. त्यात नेपाळी मुली मोठ्या संख्येनं होत्या. त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं. महिनोन् महिने त्या आपल्या राज्यातल्या सुधारगृहांत अडकल्या. अखेर काठमांडूच्या स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेलं. त्यांच्यातल्याच काही जणींनी एकत्र येऊन शक्ती समूह उभा केला, तस्करीतून सुटलेल्यांनी स्वतः चालवलेली संघटना. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना कुणी कडेवर घेऊन गाणी शिकवली नव्हती.

आणि आपला स्वतःचा वारसा? १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते आईसाठी दार उघडून. आधी बाळंतिणीला आसरा, मग तिच्या बाळाचा विचार. आईला वजा करून मुलावर दया करायची, हे त्यांना सुचलं नाही.

मुलगी शेवटी गेली. शिफारसपत्र कॉलेजनं दिलं, दहा मिनिटांत. परत आल्यावर ती मला भेटायला आली, फोटो न दाखवता बसून राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी पोचले तेव्हा अर्धीअधिक मुलं नव्हतीच. दसैंला गावी गेली होती, तिहार झाल्यावर येणार होती. अनाथ मुलं सणाला कुणाच्या घरी जातात?" तिनं हाच प्रश्न कंपनीला लिहून विचारला. उत्तर आलं नाही. उन्हाळी सुट्टीचं माहितीपत्रक आलं.

एवढं लिहून मी हात झटकले असते तर बरं झालं असतं. पण बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आपल्याकडे दरवर्षी त्या बाहेरच्या मुली येतात, त्यांचं काय?" खरं आहे. परदेशी विद्यापीठांतून चार-पाच मुली येतात. आपण त्यांना चहा देतो, वस्तीत बचतगटाच्या बैठकीला नेतो. त्या दिवशी वस्तीतल्या बायका अर्धा रोज बुडवून सतरंजीवर बसतात, आपली मारहाणीची कहाणी पुन्हा एकदा सांगतात, भाषांतर होईपर्यंत थांबतात. पाहुण्या डोळे पुसतात. आपल्या अहवालात एक फोटो छापला जातो आणि तो फोटो पुढे निधीच्या अर्जाला जोडला जातो. काठमांडूच्या त्या आश्रमवाल्यापेक्षा आपण फार वेगळं काय करतो? मला वाटतं, वेगळं करतो. आपण कुणाला कोंडून ठेवत नाही, कुणाला खोटं मारत नाही. पण हे मला जितक्या ठामपणे म्हणता यायला हवं तितक्या ठामपणे म्हणता येत नाही.

यंदाही जूनमध्ये चौघी येऊ इच्छितात, तसं पत्र आलं आहे. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, सरळ नाही कळवावं. दुसरा म्हणतो, येऊ द्यावं, पण शिकायला. सहा महिने राहावं, आधी मराठी शिकावी, वस्तीत एकटीनं जाऊ नये, मुलांचे फोटो नकोत, आणि ज्या बायका त्यांना वेळ देतील त्यांना शिकवण्याचा मोबदला रोख मिळावा. वस्तीतली भांडीवाली एक ताई उठून म्हणाली, "कहाणी सांगायचा दर आम्ही ठरवणार, तुम्ही नाही." बरेच जण हसले. ती हसत नव्हती. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तुमच्या गटात परदेशी पाहुणे येत असतील तर तुम्ही काय ठरवलंत, पाहुण्यांसमोर बसलेल्या बायकांना विचारून ठरवलंत की न विचारता, ते पुढच्या अंकाआधी लिहून पाठवा.