कुणाचा खेळ, कुणाचं मैदान?

भारत-पाकिस्तान सामना असला की शाळेत मधल्या सुट्टीत एक प्रश्न हमखास यायचा, "तू कुणाकडून?" विचारणारे मित्रच असायचे, हसत हसत विचारायचे. मीही हसून उत्तर द्यायचो. पण साठ मुलांच्या वर्गात हा प्रश्न आम्हा तिघा-चौघांच्याच वाट्याला का येतो, हे तेव्हा उमगायचं नाही. खेळ पाहण्याआधी निष्ठेची पावती दाखवावी लागणं हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आयर्लंडमधल्या खेळांचा इतिहास वाचला आणि तो समज गळून पडला.

डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ते प्रोटेस्टंट धर्मगुरूचे पुत्र होते, पण आयुष्य त्यांनी आयरिश भाषेसाठी वेचलं. १८९३ साली स्थापन झालेल्या गेलिक लीगचे ते पहिले अध्यक्ष. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर आयर्लंड विरुद्ध पोलंड सामना पाहायला गेले. राष्ट्राध्यक्षाने आपल्याच देशाचा सामना पाहिला, यात वावगं काय? पण तो सामना सॉकरचा होता. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो तिथे सॉकर. पुढच्याच महिन्यात गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने, म्हणजे जीएएने, हाइड यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं.

ही संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे देशी खेळ जगवणं हा तिचा हेतू. हर्लिंग म्हणजे ॲशच्या लाकडाची, टोकाला चपटी काठी, लहानसा कातडी चेंडू आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू डोक्यावरून गोळीसारखा जातो. इंग्रजांच्या राजवटीत हा खेळ विझत चालला होता. तो वाचवायची तळमळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पुढे मात्र एक नियम आला. जीएएच्या सदस्याने सॉकर, रग्बी, क्रिकेट किंवा हॉकी खेळायची नाही, आणि पाहायचीही नाही. कोण चोरून पाहतो हे टिपायला दक्षता समित्यांची माणसं त्या मैदानांवर जायची. गंमत अशी की संघटनेचे एक संस्थापक मायकल क्युसॅक स्वतः आधी रग्बी आणि क्रिकेट खेळलेले. हा नियम १९७१ पर्यंत टिकला.

या बंदीमागची जखम खोटी नव्हती. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉलचा सामना सुरू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. चौदा जण गेले. त्यात टिपेररीचा खेळाडू मायकल होगनही होता. मैदानातली एक गॅलरी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. अशा जागेवर 'त्यांचा' खेळ नको, असं कुणाला वाटलं तर मी त्याला हसणार नाही.

पण दुःख जपणं वेगळं आणि त्या दुःखाची चौकी बसवून आपल्याच माणसांची झडती घेणं वेगळं. बंदीने इंग्रजांचं काही बिघडलं नाही. झळ बसली ती सॉकर खेळणाऱ्या डब्लिनच्या कामगाराच्या पोराला, आणि रग्बी व हर्लिंग दोन्हींवर जीव असलेल्या लिमरिकच्या माणसाला. शिवाय 'परकी' ठरवलेली रग्बीच अख्ख्या बेटाचा एक संघ उतरवते. सॉकरचे मात्र उत्तर आणि दक्षिण असे दोन संघ आहेत. कुठला खेळ जोडतो, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही.

बंदी नसती तर हर्लिंग उरलंच नसतं, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बंदी देशभर होती, तरी हर्लिंगची पाळंमुळं मुख्यतः दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या काही परगण्यांतच राहिली. बाकी ठिकाणी त्याची जागा खाल्ली ती त्याच संघटनेतल्या गेलिक फुटबॉलने. हर्लिंग जगलं ते गावोगावच्या क्लबांमुळे, पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांमुळे आणि मानधन न घेता खेळणाऱ्या खेळाडूंमुळे. बंदी उठून पन्नास वर्षं उलटली, तरी अंतिम सामन्याला ब्याऐंशी हजारांचं क्रोक पार्क भरतं. २०१८ साली युनेस्कोनेही या खेळाची वारसा म्हणून नोंद घेतली.

रग्बी आणि सॉकरचं लॅन्सडाउन रोड मैदान नव्याने बांधायचं ठरलं, तेव्हा २००५ साली जीएएने मतदान घेऊन क्रोक पार्कचे दरवाजे त्या खेळांना तात्पुरते उघडले. २४ फेब्रुवारी २००७ ला तिथे इंग्लंडचा रग्बी संघ उतरला. जिथे होगन पडला, तिथे ब्रिटिश राष्ट्रगीत वाजलं. लोक शांतपणे उभे राहिले. मग आयर्लंडने इंग्लंडला ४३-१३ असं हरवलं. इतिहास कुणी विसरलं नव्हतं, पण त्याचा हिशेब त्या दिवशी खेळूनच मांडला गेला.

याच मैदानाची आणखी एक आठवण मला जवळची वाटते. ३१ जुलै २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, जीएएने क्रोक पार्क बकरी ईदच्या नमाजासाठी दिलं. सुमारे दोनशे लोकांनी अंतर राखून तिथे नमाज अदा केली. त्याआधीच्या वर्षी याच मैदानावर लायट्रिमच्या हर्लिंग संघाने लॉरी मॅर चषक जिंकला होता. त्या संघात झॅक मोरादी होता. कुर्दी आईबापांचा, इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेला मुलगा. अकरा वर्षांचा असताना तो आयर्लंडमध्ये आला आणि हातात हर्लिंगची काठी घेतली. तो खेळला, एवढं पुरेसं होतं.

खेळ जपायचा असेल तर पोरांच्या हाती काठी द्यावी, चेंडू द्यावा. दारावर पहारेकरी बसवला की तो आज सॉकर पाहणाऱ्याला अडवतो, उद्या राष्ट्राध्यक्षालाही सोडत नाही. आजही सामन्याच्या दिवशी एखाद्या शाळेत, मधल्या सुट्टीत, कुणाला तरी "तू कुणाकडून?" असं विचारलं जात असेल. विचारायचंच असेल तर सगळ्या वर्गाला विचारा. नाहीतर सरळ म्हणा, "चल, एक भिडू कमी आहे."