यकृताची शस्त्रक्रिया आणि पोलादपूरचा रोगी

पोटाला मोठा छेद न देता, चार-पाच लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालून यकृताचा रोगट भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आता रुळू लागली आहे. शल्यशास्त्राच्या या पराक्रमाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु स्वागताच्या कमानी उभारून झाल्या तरी एक प्रश्न उरतोच. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या पोलादपूरच्या कष्टकऱ्यास तिचा लाभ कसा मिळणार?

ही विद्या महाराष्ट्रास परकी नाही. 1972 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी पोटात दुर्बीण घालून रोगनिदान करण्यास आरंभ केला. 1990 साली त्याच रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढून दाखविले. गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात हे घडले, ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे. यकृताची पाळी मात्र उशिरा आली, आणि तिला कारणही तसेच होते. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त या एका अवयवातून वाहते. तेथे हात चुकला, तर क्षणार्धात सारे चित्र रक्ताने झाकोळून जाते. म्हणूनच 2008 साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे जमलेल्या जाणत्या शल्यविशारदांनी, यकृताच्या कडेच्या व पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपासून प्रारंभ करावा आणि मोठ्या शस्त्रक्रिया मुरलेल्या हातांवरच सोपवाव्यात, असा सावध सल्ला दिला. पुढे ऑस्लो येथे 280 रोग्यांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. हे रोगी मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेले होते. उघड्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांत 31 जणांना उपद्रव झाला होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर 19 जणांना. रुग्णालयातील मुक्कामही 96 तासांवरून 53 तासांवर आला.

पोटावरचा व्रण लहान राहतो, म्हणजे ही श्रीमंतांची चैन होय, असे कोणी म्हणेल तर ती मोठी चूक ठरेल. नाचणीच्या खाचरात राबणाऱ्या किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीने ओझी वाहणाऱ्या माणसाचे पोट बरगडीखालून आडवे चिरले, की कित्येक आठवडे त्याला वजन उचलता येत नाही आणि तितके दिवस घरची चूल अर्धीच पेटते. लवकर उठून कामाला लागण्याची गरज त्याच्याएवढी दुसऱ्या कोणास आहे? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर पहिला हक्क त्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण हक्क बजावण्यासाठी रोग वेळेवर कळावा लागतो. यकृत हे सोशीक इंद्रिय आहे. पुष्कळ भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही. मग कावीळ दिसते, झाडपाल्याच्या औषधात महिने जातात, आणि सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचा प्रवास करून, चाकरमानी भावाच्या खोलीत पथारी टाकून रोगी मुंबईच्या डॉक्टरांपुढे उभा राहतो तेव्हा गाठ कापण्याच्या पलीकडे गेलेली असते. अशा वेळी छिद्र लहान की छेद मोठा, हा वादच व्यर्थ होय.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महाड व पोलादपूर येथे सोनोग्राफी आणि ब-प्रकारच्या काविळीची रक्ततपासणी ठरलेल्या दिवशी, खात्रीने व्हावी. नवजात अर्भकास त्या काविळीची लस 24 तासांच्या आत मिळावी. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे मूळ तेथेच तोडता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2012 साली, वेगळ्या नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यांत रायगड होता. तिच्या दरांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागत नसेल, तर ते दर सुधारावेत. शस्त्रक्रियेनंतरची तपासणी महाडलाच व्हावी. आणि ही शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने वर्षाकाठी किती रोगी हाताळले, कितींचे पोट अखेर उघडावे लागले आणि किती दगावले, हे आकडे जाहीर करावेत. केवळ पाटी लावल्याने कोणी यकृताचा शल्यविशारद होत नाही.

हे खेड्यांस झेपणारे नव्हे, असे म्हणणारांना आम्ही महाडचाच दाखला देतो. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रोग्यांशेजारी रात्री जागून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जी निरीक्षणे टिपली, ती 1982 साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकाने छापली. पुढे त्यांनी रुजविलेल्या प्राझोसिनच्या उपचाराने असंख्य प्राण वाचले. बिरवाडीचे ज्ञान लंडनपर्यंत जाऊ शकते. तर मुंबईचे ज्ञान पोलादपूरपर्यंत येण्यास कोणता घाट आडवा येतो? तो घाट सह्याद्रीचा नव्हे, अनास्थेचा आहे. आणि तो फोडण्याचे काम शासनाचे आहे.