शेल्याच्या रंगावरून शत्रू ठरवू नका

शिवजयंती जवळ आली की आमच्या वळसंग भागात पोरांची नाटुकली बसतात. यंदा एका शाळेतली तालीम पाहिली. मावळ्यांना सॅटिनचे भगवे शेले, अफझलखानाच्या माणसांना झाडून सगळे हिरवे. मी विचारलं, "खंडोजी खोपड्याला कुठला शेला देणार?" उत्तर मिळालं, "काका, कोण आपला, कोण परका, हे मुलांना कळायला नको का?"

मुलांना कळतंय ते धादांत खोटं आहे. ते वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांना मी माफ करायला तयार नाही.

खंडोजी खोपडे हा मावळातला देशमुख अफझलखानाच्या बाजूला होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण, तर प्रतापगडाखाली खानाच्या भेटीला शिवाजी महाराजांसोबत गेलेल्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. महाराजांचे वडील शहाजीराजे आदिलशाहीचेच सरदार. पुरंदरच्या तहानंतर तर खुद्द महाराज मिर्झाराजे जयसिंगांबरोबर विजापूरवर चालून गेले. नेताजी पालकर मोगलांकडे गेला, मुसलमान झाला आणि १६७६ मध्ये परतल्यावर महाराजांनी त्याला पदरात घेतलं. कोणत्या साली याच्या कमरेला कुठला रंग बांधायचा, हे या नाटकवाल्यांनी मला सांगावं.

स्वराज्याचं निशाण भगवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण फौजेला एकरंगी गणवेश नव्हता. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडं सरकारातून मिळायचं. कपडा ज्याचा त्याचा.

रंगावर विसंबून लढणाऱ्यांचं काय झालं, तेही पाहा. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. माणसं एकाच देशाची, भाषा एक, कपडेही सारखेच. म्हणून राजाच्या अधिकाऱ्यांनी लाल पट्टे बांधले, तर पार्लमेंटचा सेनापती एसेक्स याच्या लोकांनी नारिंगी. २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलच्या रणात पार्लमेंटचा फेथफुल फोर्टेस्क्यू आपली तुकडी घेऊन राजाला जाऊन मिळाला. त्याच्या काही स्वारांनी नारिंगी पट्टे काढले नव्हते. ज्यांच्या बाजूला ते आले होते, त्यांनीच त्यांना कापून काढलं. १६४४ मध्ये मार्स्टन मूरला पार्लमेंटच्या फेअरफॅक्सने टोपीतली आपल्या पक्षाची पांढरी खूण उपटून टाकली आणि राजाच्या फौजेतून तो निसटला. हातभर कापडाने एकीकडे माणसं मेली, दुसरीकडे सेनापती वाचला. कोण कशासाठी लढतोय, ते त्या कापडाला कधीच कळलं नाही.

आता घरचंच पाहा. आमचा हा मुलूख आदिलशाहीतला. त्या दरबारात १६७५ च्या सुमारास पठाण आणि दख्खनी एकमेकांच्या जिवावर उठले. पठाणांच्या बहलोलखानाने दख्खन्यांच्या खवासखानाला कैद करून मारलं. दोघेही मुसलमान. त्यांना काय, हिरव्याच्या दोन छटा वाटणार?

मला चीड येते ती यासाठी की हा रंग नाटकापुरता राहत नाही. त्याच वर्गात, त्याच बाकावर मुसलमानाचं पोरगं बसलेलं असतं. दरवर्षी त्याच्या गळ्यात हिरवा शेला टाकून त्याला हरायला उभं करता. आणि सिद्दी इब्राहिमचं नाव त्याच्या कानावर कुणी घालत नाही. हा शिक्षणाच्या नावाखाली केलेला अन्याय आहे, आणि ज्या राजाने माणूस पारखून जवळ केला त्याच्या जयंतीला केलेला आहे.

शिक्षकांनो, पुढच्या वर्षी शेले वाटू नका. भूमिका वाटा, नावानिशी. आणि सिद्दी इब्राहिमला महाराजांच्या शेजारी उभा करा.