भूगर्भातील दाब आणि भूपृष्ठावरील जबाबदारी

पृथ्वीच्या पोटात नैसर्गिक वायूची कोठारे भरलेली आहेत, छिद्र पाडण्याचाच काय तो अवकाश, असा समज सार्वजनिक चर्चेत अद्याप आढळतो. १९७४ मध्ये मुंबई हायचा शोध लागला व पुढे तेथील वायू उरणला आला. ते पाहिलेल्या किनारपट्टीला तरी हा भाबडेपणा शोभणारा नाही.

वायू कोठे साठेल, हे खडकाइतकेच त्यातील पाण्याच्या दाबावरही अवलंबून असते. दर दहा मीटर खोलीला हा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. हलका वायू पाण्यातून वर सरकतो आणि घट्ट थराखाली अडतो. परंतु गाळ वेगाने साचला, तर त्यातील पाण्याला वाट मिळत नाही; दाब अवाजवी चढतो आणि क्वचित वरचे झाकणच तडकून साठा निसटतो. चढलेला दाब आवरला नाही तर काय होते, हे १९९५ मध्ये आंध्रातील पासर्लापुडीच्या विहिरीने ६५ दिवस जळून दाखविले. उलट, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्रात २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण काही वर्षांतच दाब उतरला, विहिरींत पाणी शिरले आणि मोठ्या अपेक्षा ढासळल्या.

हाच धडा सातपुड्याच्या पायथ्याशीही लागू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिलेल्या पांढुर्णा-सौंसर या मराठीभाषी मुलखाचा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नव्या उद्योगांची आस असणे स्वाभाविक आहे. सौंसरचे नाव धारण करणारे मँगनीजयुक्त खडक उष्णतेने व दाबाने पार पालटलेले असल्याने त्यांत वायूची आशा व्यर्थ होय. परंतु उत्तरेस कन्हान व पेंच खोऱ्यांत कोळसा आहे, आणि सातपुड्यातील पट्टे मिथेनशोधासाठी पूर्वीच देऊ करण्यात आले होते.

कोळशातील वायू पोकळीत नसतो. तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून असतो आणि पाण्याचा दाब त्याला तेथे धरून ठेवतो. म्हणून वायू हवा, तर आधी पाणी उपसावे लागते. मग प्रश्न उरतो तो पाण्याचा. पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागा विहिरींवर जगतात, आणि कन्हान नदी पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते. खोल कोळसाथर व उथळ विहिरी यांमध्ये अभेद्य खडक असेल, तर भय नाही. भेगा असतील, तर बागा सुकतील. उपसलेले पाणी खारे निघाले, तर ते नदीत सोडता येणार नाही. यांपैकी खरे काय, हे घोषणांनी नव्हे, मोजमापानेच ठरेल.

१९५४ मध्ये याच पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसून साठाहून अधिक कामगार प्राणास मुकले. भूगर्भातील पाण्याकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते, हे या परिसरास नव्याने शिकविण्याची गरज नाही.

आम्ही वायूच्या शोधाला विरोध करीत नाही; देशाला इंधन हवेच. परंतु पहिली विहीर खोदण्यापूर्वी परिसरातील विहिरींची पातळी नोंदवावी. थरांतील दाब आणि उपसलेल्या पाण्याचा हिशेब ग्रामसभांपुढे हिंदीबरोबर मराठीतही ठेवावा. ज्यांच्या पायाखालची संपत्ती काढावयाची, त्यांना तिचे गणित समजणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. स्वराज्याचा अर्थ याहून निराळा काय असतो?