५ लाखांच्या योजनेत फिजिओथेरपी बसते का?

घरात कुणाला पॅरालिसिसचा झटका आला की पहिला प्रश्न असतो, ‘महात्मा फुले योजनेत बसतंय का?’ बसतं, पण अर्धंच. २०२३ मध्ये राज्य सरकारने या योजनेचं कवच दीड लाखावरून ५ लाखांवर नेलं. पण हे कवच मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. हात-पाय पुन्हा चालायला लागतात ते डिस्चार्जनंतरच्या कित्येक महिन्यांच्या व्यायामाने. तो खर्च घरच्यांवर.

मग सरकारी दवाखाना? १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांना मात्र हा निर्णय लागू नव्हता, आणि सांगलीचं सिव्हिल मिरजेच्या कॉलेजशी जोडलेलं आहे. म्हणजे तिथे फी लागू शकते, खासगीपेक्षा बरीच कमी.

खरा खर्च वेगळाच आहे. जत किंवा दहिवडीहून आठवड्यातून तीनदा सांगली-साताऱ्याला यायचं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना एसटी फुकट, आजींना किमान अर्धं तिकीट. सोबत येणाऱ्या मुलाचं पूर्ण तिकीट आणि बुडालेला रोज कोण देणार? आमच्या मते व्यायाम मध्येच सुटतो तो इथे.

गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात योगाचे वर्ग होतात, पण झटक्यानंतरच्या फिजिओथेरपीची जागा ते घेऊ शकत नाहीत. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीच फिजिओथेरपिस्टला भेटा, घरी करायचे व्यायाम लिहून घ्या आणि त्यांना विचारून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.